शिक्षकाने प्रबंध कशासाठी लिहावा?



आपल्या घरातील मुलगा अथवा मुलगी शिक्षक झाली, की वडीलधाऱ्यांना वाटते, आता सारे मिळाले. पगार सुरू झाला, गावात मान मिळाला. मग पुन्हा पाचसहा वर्षे ग्रंथांत डोके खुपसून पीएच. डी. कशाला करावयाची? असे विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. ज्या घरात पहिलाच पगार येतो, त्या घराला त्याची निकड असते. तथापि या प्रश्नाचे उत्तर आपणांस दूर शोधावयास नको. ते बाबासाहेबांच्या चरित्रातच आहे.

१९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी एवढ्यावर कोणीही संतुष्ट झाला असता. बाबासाहेबांनी मात्र काटकसरीने पैसा साठविला, १९२० साली नोकरी सोडली आणि अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी प्रथम जसाच्या तसा स्वीकारला नाही. तो पुन्हा लिहावा लागला. १९२३ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डी. एस्सी. पदवी दिली. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला व १९२७ साली कोलंबिया विद्यापीठाची पीएच. डी. त्यांना मिळाली.

या विद्वत्तेचा आपल्या मुलांच्या शिक्षणाशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. त्याच १९२७ साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानाचा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी नुसते गाऱ्हाणे मांडले नाही, हिशेब मांडला. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारीच्या रूपाने माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. तेव्हा जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. प्रांताचा पैसा कोठून येतो व कोठे जातो, याचा ज्याने वर्षानुवर्षे शोध घेतला, त्यालाच अंदाजपत्रकाची अशी झडती घेता येते. पुढे त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली; १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज व १९५० साली औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालयाचा पाया असलेली संस्था उभी राहिली. वर्गात शिकविणारा प्राध्यापक असा समाजाच्या शिक्षणाचा धुरीण झाला.

प्रबंध लिहिताना माणसाला एक शिस्त लागते. समजा, तुमच्या शाळेतील मुली सातवीनंतर गळतात. कोणी म्हणेल, आईबापांनाच गोडी नाही. संशोधनाची सवय लागलेला शिक्षक तेवढ्यावर थांबणार नाही. तो दहा वर्षांचे हजेरीपट उघडील, घरोघर जाईल, पुढची शाळा किती लांब आहे व एस. टी. केव्हा येते हे लिहून घेईल. मार्गदर्शक त्याला पदोपदी विचारतील, 'पुरावा काय?' शेवटी परीक्षकांसमोर उभे राहून त्याला उत्तरे द्यावी लागतील. असा शिक्षक मुख्याध्यापक झाला, की शिक्षणाधिकाऱ्यापुढे हात जोडून उभा राहत नाही. कागद पुढे ठेवून बोलतो.

व्यवहाराची बाजूही ध्यानात घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी महाविद्यालयाच्या प्राचार्यपदासाठी पीएच. डी. आवश्यक ठरविली. २०२२ च्या नियमांप्रमाणे हा अभ्यासक्रम किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांचा आहे. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. नोकरी सांभाळून अर्धवेळ अभ्यासही करता येतो. पदवी नसेल, तर त्या खुर्चीचे दार आपल्यासाठी उघडणारच नाही.

परंतु नावामागे 'डॉक्टर' लावण्यापुरता, दुसऱ्याकडून लिहवून घेतलेला प्रबंध काय कामाचा? त्याने खुर्ची मिळेल, दृष्टी मिळणार नाही.

म्हणून माझे सांगणे त्या शिक्षकाइतकेच त्याच्या घराला आहे. तुमची सून शिक्षिका असेल आणि तिला संशोधन करावयाचे असेल, तर संध्याकाळचे दोन तास तिचे आहेत असे समजा. चूल इतरांनीही पेटवावी. तिच्या टेबलावरील कागद हलवू नका. तिने शोधलेल्या उत्तराने उद्या तुमच्याच वस्तीतील एखादी मुलगी आठवीच्या वर्गात बसलेली दिसेल.