जुन्या जीपला दुसरें इंजिन

पेणचें नांव निघालें कीं गणपतीच्या मूर्ति डोळ्यांपुढें उभ्या राहतात. तेथील कारागिरांना एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. साचा जसा असेल तशी मूर्ति उतरते. साच्यांत केसभर वांकडेपणा राहिला तर तो पुढच्या प्रत्येक मूर्तींत उमटतो. वरवर पाहतां अगदीं निराळ्या अशा एका उद्योगालाहि हाच नियम लागूं पडतो. घरच्या पडवींत जुन्या जीपचें झिजलेलें पेट्रोल इंजिन उतरवून तेथें डिझेल इंजिन बसविणें, हा तो उद्योग होय. इंजिन बाजारांत विकत मिळतें. परंतु तें इंजिन आणि ती गाडी यांना जोडणारा भाग कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. तो स्वतः घडवावा लागतो, आणि सर्व कामाचें यश त्यावरच अवलंबून असतें.

या खटाटोपामागें इंधनाच्या खर्चाचें कारण आहे. दुसऱ्या महायुद्धांत विलीज जीप प्रसिद्धीस आली. तिचें पेट्रोल इंजिन १३४ घनइंचांचें, म्हणजे सुमारें २.२ लिटरांचें असून त्याची शक्ति ६० अश्वशक्तीची होती. १९४७ च्या सुमारास महिंद्र कंपनीनें ही गाडी हिंदुस्थानांत आणली. पुढें पेट्रोल महाग झालें, तेव्हां खुद्द कारखान्यानेंच जीपमध्यें डिझेल इंजिनें बसविलीं. १९८० च्या दशकांतील प्यूजो जातीचें इंजिन २,११२ घन सेंटिमीटरचें होतें. मात्र कारखान्याजवळ आराखडे होते आणि मोठीं यंत्रेंहि होतीं. घरच्या कारागिराजवळ करवत, ड्रिल, वेल्डिंगचा संच आणि फार तर जवळच्या टर्नरची लेथ एवढेंच भांडवल असतें.

पहिली अडचण अशी कीं, नव्या इंजिनाच्या पाठीवरील बोल्टांचीं भोकें जुन्या गिअरबॉक्सच्या भोकांशीं जुळत नाहींत. म्हणून दोहोंच्या मध्यें पोलादाची एक जाड जोडतबकडी बसवावी लागते. जाड पुठ्ठ्यावर दोन्ही तोंडांचे ठसे घेऊन भोकांच्या जागा आंखतां येतात. पण पुठ्ठा केवळ आकार सांगतो, केंद्र सांगत नाहीं. इंजिनाचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा पुढचा दांडा एकाच सरळ रेषेंत फिरले पाहिजेत. दोन्ही रेषांमधील अंतर पांच हजारांश इंचाहून, म्हणजे सुमारें ०.१३ मिलिमीटरहून अधिक असूं नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. साध्या कागदाच्या जाडीहून हें माप फारसें मोठें नाहीं!

तें तपासण्याची रीत सोपी आहे. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवावें, त्याचें टोंक गिअरबॉक्सच्या गोल तोंडाच्या आंतल्या कडेला टेकवावें आणि क्रँक सावकाश एक पूर्ण फेरी फिरवावा. कांटा एकंदर जितका सरकेल त्याच्या निम्मी ही दोन केंद्रांतील तफावत. ती दूर झाल्यावर तबकडी हलूं नये म्हणून नेमक्या मापाच्या पिना ठोकाव्या. नुसत्या बोल्टांवर विसंबून चालत नाहीं. शिवाय तबकडीच्या जाडीइतका गिअरबॉक्स मागें सरकतो. त्याच्या दांड्याचें टोंक क्रँकमधील बुशांत पूर्वीप्रमाणें पोंचावें, यासाठीं नवा बुश लेथवर कांतून घ्यावा लागतो. येथें आळस केला तर गाडी सुरू होते, चालतेहि. परंतु क्लच थरथरतो, बेअरिंग गुणगुणूं लागतें, आणि थोड्याच महिन्यांत सारें काम पुन्हां उघडावें लागतें.

दुसरा प्रश्न इंजिनाच्या आधारांचा. डिझेल इंजिन वजनानें जड आणि त्याचे धक्केहि जोरकस. म्हणून आधाराखालीं रबर हवें आणि आधाराला तिरकी टेकणपट्टी हवी. सर्व भाग प्रथम वेल्डिंगच्या चार टिपांनीं पकडावे, मापें पुन्हां घ्यावीं, आणि मगच जोड पुरा करावा. इंजिन मागेंपुढें झालें कीं प्रोपेलर शाफ्टची लांबीहि बदलते. त्याच्या दोन्ही टोंकांच्या क्रॉस-जोडांचे कोन सारखे नसले तर चाकांकडे जाणारी गति प्रत्येक फेरींत दोनदां कमीजास्त होते आणि गाडी हादरते. कापून लहान केलेला शाफ्ट तोलून देण्याचें काम मात्र घरीं करूं नये; तें त्या यंत्राच्या कारखान्यावरच सोंपवावें.

कांहीं गोष्टी डोळ्यांना दिसत नाहींत म्हणून विसरल्या जातात. युद्धकाळांतील जीपची वीज सहा व्होल्टांची होती. डिझेल इंजिन चालू करण्यास बारा व्होल्टांची मोठी बॅटरी लागते. पेट्रोल इंजिन ठिणगी तोडली कीं थांबतें. डिझेलला इंधनच तोडावें लागतें. ब्रेकला निर्वात शक्तीचें साहाय्य असेल तर ती शक्ति डिझेल इंजिन आपोआप पुरवीत नाहीं. तिच्यासाठीं निराळा पंप लागतो.

नागोठण्याहून रोह्याकडे जातांना भिसे खिंड लागते. मुसळधार पावसांत भरलेली गाडी त्या उतारावर असेल, तेव्हां वाढलेलें वजन ब्रेकांना पेलतें कीं नाहीं आणि वेल्डिंग धरून राहतें कीं नाहीं, याची खरी परीक्षा होते. धरमतर खाडीच्या खाऱ्या हवेनें उघडा जोड लवकर गंजतो हेंहि ध्यानांत ठेवावें. तेथें चूक झाली तर तिचें मोल मागें बसलेल्यांनाहि द्यावें लागतें.

याच कारणानें कायदा या कामांत लक्ष घालतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींतील फेरफारांवर मर्यादा घालतें. रायगड जिल्ह्याचें परिवहन कार्यालय पेण येथेंच आहे. आपल्या गाडीला कोणतें इंजिन चालेल याची चौकशी जुनें इंजिन उतरविण्यापूर्वीं तेथें करावी, नंतर नव्हे.

घरच्या पडवींत कारखान्याचीं यंत्रें आणतां येत नाहींत हें खरें. परंतु पुन्हां माप घेण्याची संवय आणतां येते, आणि न साधणारें काम जाणत्याकडे देण्याचा विवेकहि आणतां येतो. ज्याच्यापाशीं हीं दोन आहेत त्यानेंच या कामास हात घालावा.