विरजण घरातलंच असतं



पालकसभेत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मॅडम, आमचा मुलगा मोबाईल सोडतच नाही. तुम्ही जरा दम द्या, तुमचं ऐकतो तो." नववी-दहावीच्या वर्गांना अनेक वर्षं शिकवल्यामुळे या वाक्यामागची काळजी मला कळते. ती खरी असते. पण मुलांना दम देणारे पुष्कळ आहेत. आज मला आईवडिलांशी बोलायचं आहे, आणि मिळालेल्या वेळात एकच गोष्ट सांगायची आहे. घरातली मोठी माणसं फोन जसा वापरतात, तसाच मुलं वापरतात. हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, रागावू नका.

फोन चांगला की वाईट, या वादात मी शिरत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आपणच धडपड करून, प्रसंगी उसनवारी करून मुलांच्या हातात फोन दिला. तास त्याच्यावर, गृहपाठ त्याच्यावर. शाळा उघडल्या, फोन हातातच राहिला. 'असर' या शिक्षणविषयक अहवालासाठी २०२४ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात केलेल्या पाहणीत चौदा ते सोळा वर्षांच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरल्याचं त्यांतल्या ५७ टक्के मुलांनी सांगितलं, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचं ७६ टक्के मुलांनी. असे आकडे ऐकले की आपण म्हणतो, बघा ही आजची पिढी! आता हाच प्रश्न स्वतःला विचारून बघा. गेल्या आठवड्यात फोनवर काही शिकलात का? आणि रील्स किती पाहिल्यात? उत्तर मला नको. आपल्या मनाशी द्या.

घरी दही लावणाऱ्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. दूध कितीही चांगलं आणा, विरजण आंबट असेल तर दही आंबटच होणार. मोठ्यांच्या सवयी हे घरातलं विरजण आहे. चमचाभरच असतं, एकदा दुधात मिसळलं की दिसतही नाही. भांडं झाकून आपण झोपतो आणि ते रात्रभर आपलं काम करत राहतं. सकाळी दही आंबट निघालं म्हणून कुणी दुधाला बोल लावत नाही. मुलांना मात्र आपण बोल लावतो.

हा चमचा कोणता, ते सांगते. जेवताना आमटीच्या वाटीला टेकवून ठेवलेला बाबांचा फोन. पोळ्या लाटताना ओट्यावर चालू असलेला आईचा मालिकेचा भाग. मागे मुलगी बसलेली असताना सिग्नलला गाडी थांबली रे थांबली की खिशातून बाहेर येणारा फोन. रात्री उशीशी आणि सकाळी डोळे उघडताच हातात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मुलगी क्लासवरून येऊन काही सांगू लागते आणि आपण मान वर न करता नुसता हुंकार भरतो. दुसऱ्या दिवशी ती तेच थोडक्यात सांगते. तिसऱ्या दिवशी सांगायचं सोडून देते आणि खोलीत जाऊन फोन उघडते. तिचं ऐकायला तिथे मैत्रिणी असतात. मग आपणच म्हणतो, घरात तोंड म्हणून उघडत नाही.

तुम्ही म्हणाल, आमचा फोन कामाचा असतो. असतोच. शेतकऱ्याला बाजारभाव बघायचे असतात, दुकानदाराला गिऱ्हाईक सोडता येत नाही, कार्यालयाचे निरोप रात्री नऊलाही येतात. माझं म्हणणं एवढंच, की ते मुलांना सांगा. "साहेबांचा निरोप आहे, पाच मिनिटं दे," असं म्हणा आणि पाच मिनिटांनी फोन खरंच ठेवा. फोन कामाला घ्यायचा आणि काम झालं की ठेवायचा, ही सवय मुलांना आणखी कुठे बघायला मिळणार? त्यांना एरवी दिसतो तो कामासाठी उचललेला आणि तासभर हातात राहिलेला फोन.

हे फक्त एका शिक्षिकेचं मत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये बारा-तेरा वर्षांच्या दहा हजारांहून अधिक अमेरिकन मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या घरांत आईवडील मुलांसमोर स्वतः स्क्रीन घेऊन बसत, जिथे जेवताना आणि झोपायच्या खोलीत फोन चाले, तिथल्या मुलांचा स्क्रीनपुढचा वेळ जास्त होता. जिथे पालक लक्ष ठेवत आणि वेळ ठरवून देत, तिथे तो कमी होता. म्हणजे नियम फुकट जात नाहीत. नियम हवेतच. मोठ्यांनाही हवेत, एवढंच मी म्हणते आहे.

आणि नियम लावायचीही एक रीत असते. उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही, गार दुधातही लागत नाही. दूध कोमट लागतं. रागाच्या भरात फोन हिसकावून घेऊन, घर डोक्यावर घेऊन त्याच रात्री नवी शिस्त लावायला जाल, तर ते उकळत्या दुधात विरजण घालणं झालं. वर्षभर काहीच न बोलता निकालाच्या दिवशी बोलणं, हे गार दुधातलं. पंधरा वर्षांच्या मुलाशी बोलायला दोघांचंही मन थाऱ्यावर असलेली वेळ शोधावी लागते.

घरातलं विरजण अगदीच बिघडलं तर आपण काय करतो? वाटी घेऊन शेजारी जातो. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे ऑगस्ट २०२२ मध्ये सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद करायचे, ते साडेआठच्या भोंग्यापर्यंत. मुलांनी वाचायचं, लिहायचं, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. लोकांना समजावायला अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. मला यातली मोलाची वाटते ती ही गोष्ट, की भोंगा नुसता मुलांसाठी नव्हता. आईची मालिका आणि बाबांचा फोनही त्याच भोंग्याला बंद होणार होता. सगळ्या गल्लीचे फोन बंद, मग आपल्याच पोराने कुरकुर कशाला करावी?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाती ठेवायला मनाई केली. असे कायदे यावेत की नाहीत, यावर बोलायला वेळ नाही. पण कायदा झाला तरी तो मुलाच्या खात्यापुरता. ताटाशेजारचा बाबांचा फोन कुठला कायदा उचलणार? तो बाबांनीच उचलायचा आहे. शहरात भोंगा नसेल, पण एका जिन्यावरची तीन-चार घरं मिळून एक तास ठरवू शकतात. कुणीतरी एकाने शेजारच्या दारावर थाप मारायची आहे.

आजी-आजोबांच्या फोनबद्दलही मला बोलायचं होतं. शिवाय ज्या घरात बाबा किंवा आई परगावी नोकरीला असते आणि रोजची भेट फोनवरच होते, त्या घरांना हा एक तासाचा नियम तसाच लावता येणार नाही. त्यांचा वेगळा विचार करायला हवा, पण वेळ संपत आला. तो विषय पुन्हा कधी.

निघता निघता आजच्या रात्रीपुरतं सांगते. जेवायला बसण्याआधी तुमचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या. मुलाला काही म्हणू नका. तो आपला फोन घेऊन बसेल, बसू द्या. उद्याही तुमचा तेवढा ठेवा, परवाही ठेवा. विरजण लावल्यावर दर तासाला झाकण काढून भांडं हलवत बसलं तर दही नीट लागत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. महिनाभर तरी वाट बघा. मग त्याला म्हणा, "तुझाही ठेव." तेव्हा हे म्हणण्याचा अधिकार तुमच्याकडे असेल. आणि तो काही सांगू लागला तर त्याच्याकडे बघून ऐका, विषय अभ्यासाचा नसला तरी ऐका.

आधी तुमचा फोन, मग त्याचा. एवढं लक्षात ठेवा.