सुई टोचण्याआधी नाव विचारा



सप्टेंबरचा पहिला शनिवार जगभर गिधाड जागृती दिन म्हणून पाळला जातो. त्यानिमित्त आज मला बोलायचं आहे ते गुरं पाळणाऱ्या, गुरांवर उपचार करणाऱ्या आणि गुरांची औषधं विकणाऱ्या मंडळींशी. कारण गिधाडांचं भवितव्य वनखात्याइतकंच तुमच्याही हाती आहे.

पूर्वी गावात बैल मेला की तो गावाबाहेर नेऊन टाकत. थोड्याच वेळात आभाळात घिरट्या सुरू होत आणि गिधाडांचा थवा हाडं तेवढी मागं ठेवी. मग ही गिधाडं दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ मध्ये हजार होती असं धरलं, तर २००७ पर्यंत त्यांतलं एक उरलं. लांब चोचीच्या गिधाडांत शंभरातली जेमतेम तीन. जनावरं मरायची थांबली नव्हती. त्यांच्या मांसावर आता भटकी कुत्री पोसली जाऊ लागली.

या संहाराचं कारण २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून जगापुढे आलं. ते होतं डायक्लोफेनॅक, गुरांचं दुखणं आणि सूज उतरवणारं औषध. सुई दिल्यावर जनावर लवकरच मेलं, तर औषध त्याच्या मांसात शिल्लक राहतं. ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचतो आणि काही दिवसांतच पक्षी मरतो. एका मेल्या जनावरावर कित्येक गिधाडं एकदम उतरतात. म्हणूनच शंभर जनावरांत एखादं विषारी असलं, तरी एवढा घात व्हायला ते पुरलं.

भारत सरकारनं २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तेव्हा माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जाऊ लागल्या. म्हणून २०१५ मध्ये त्या बंद करून, एका वेळेला पुरेल एवढ्या तीन मिलिलिटरच्याच बाटलीला परवानगी ठेवली. २०२३ मध्ये गुरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही बंदी आली.

दरम्यान हरियाणातल्या पिंजोरला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं तिथल्या वनखात्याबरोबर गिधाडांची पैदास सुरू केली. मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू विणीला यायला पाचेक वर्षं लागतात. इतक्या सावकाश वाढवलेल्या पक्ष्यांपैकी वीस २०२४ मध्ये महाराष्ट्रात आले: लांब चोचीचे दहा पेंचला, पांढऱ्या पाठीचे दहा ताडोबाला. काही महिने जंगलातल्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, जीपीएस यंत्र बसवून त्यांना सोडलं. त्यांतले काही दगावले. ताडोबाचं एक गिधाड मात्र उडत उडत तमिळनाडूपर्यंत गेलं. चंद्रपूरपासून तिथपर्यंतच्या वाटेवर किती गावं लागली असतील! त्यांतल्या एका गावातलं विषारी जनावरही पिंजोरच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतं.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया कॉन्डॉर या गिधाडाचा अनुभव हाच आहे. १९८७ मध्ये रानातला शेवटचा कॉन्डॉर पकडला, तेव्हा जगात अवघे २७ उरले होते. प्राणिसंग्रहालयांत त्यांची वीण वाढवली आणि १९९२ पासून त्यांना पुन्हा सोडायला सुरुवात झाली. आज ते पाचशेहून अधिक आहेत. तरीही शिकाऱ्यांच्या गोळ्यांतलं शिसं मेलेल्या जनावरांतून त्यांच्या पोटात जातं आणि त्या विषबाधेनं कॉन्डॉर अजून मरतात. शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर कॅलिफोर्नियानं २०१९ पासून पूर्ण बंदी घातली आहे. पैदास केंद्रं पक्षी देऊ शकतात; तो पक्षी जगतो मात्र निर्विष अन्नावरच.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. गुराला सुई टोचण्याआधी औषधाचं नाव विचारा. डॉक्टरांना सांगा, मेलॉक्सिकॅम द्या; दुखण्यावर ते गुणकारी आहे आणि गिधाडांना बाधत नाही. दुकानदारांनो, माणसांचं डायक्लोफेनॅक गुरांसाठी देऊ नका. उपचार चालू असताना जनावर दगावलं, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरा. बिबट्यासाठी किंवा कुत्र्यांसाठी मेल्या जनावरावर विष कधीही घालू नका. एवढं गावोगाव पाळलं गेलं, तरच सोडलेली गिधाडं टिकतील.