नावेची पारख



समुद्रकांठच्या मनुष्यास नाव निवडण्याची विद्या नव्यानें शिकविण्याची गरज नाहीं. कोणत्या बंदरांत कोणती होडी चालेल, कोणत्या पाण्यांत उलांडी हवी, हें कोंकणांतील कोळी व गाबित पिढ्यान्‌पिढ्या जाणत आले आहेत. परंतु अलीकडे या किनाऱ्यावर एका निराळ्याच तऱ्हेची नाव दिसूं लागली आहे. ती लांकडाची नाहीं, तिचें पोट वरून बंद असतें, आणि तिच्या आंत न बसतां तिच्या पाठीवर बसावें लागतें. मालवण, तारकर्ली किंवा गोवें येथें सुटींत गेलेल्यांनीं ती खाडींत पाहिली असेल. कित्येकांनीं भाडें देऊन तासभर वल्हविलीहि असेल. तिला आपण उघडी कयाक म्हणूं. खाडींत हौस भागली कीं अशी नाव विकत घ्यावी व समुद्रांत न्यावी, असें तरुण मंडळींस वाटूं लागतें. त्यांच्याशीं व त्यांच्या वडील माणसांशीं आज मला बोलावयाचें आहे.

मूळची कयाक ग्रीनलंड व उत्तर अमेरिकेच्या हिमप्रदेशांतील इन्युइट लोकांची. वाहून आलेलें लांकूड व हाडें यांचा सांगाडा करावयाचा, त्यावर सीलचें कातडें ताणून बसवावयाचें, आणि वल्हविणाऱ्यानें कमरेपर्यंत आंत शिरून भोंवतालची फट कातड्यानेंच आवळून घ्यावयाची. अशी नाव उलटली तर तो कुशल शिकारी वल्ह्याच्या एका फटकाऱ्यासरशीं तिच्यासह पुन्हां सरळ होई. परंतु ही कला ज्यास साधली नाहीं, त्याच्या हातीं शेवटीं पाण्यानें भरलेली नाव तेवढी उरते. ही अडचण उघड्या कयाकींत नाहीं. १९७१ सालीं कॅलिफोर्नियांतील मालिबू येथें टिम नीमियर या तरुणानें लाटांवर स्वार होण्याच्या जुन्या फळींत बसण्यापुरती जागा कोरून अशी नाव केली, आणि पुढें तिचा प्रसार झाला. मात्र यामागचें तत्त्व आपल्या देशांत फार जुनें आहे. तमिळ किनाऱ्यावरचें कट्टुमरम म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके. लाट त्यावरून जाते, फटींतून खालीं उतरते, आणि उपसण्यासारखें कांहीं मागें राहत नाहीं. लाटा फुटणाऱ्या त्या उघड्या किनाऱ्यावर तें टिकलें याचें कारण हेंच. उघड्या कयाकीच्या पाठीला आरपार छिद्रें असतात, तीं त्या फटींचेंच काम करतात.

आतां निवडीकडे वळूं. दुकानांत किंवा शांत खाडींत मनुष्य नावेवर बसतो, डावीउजवीकडे हलवून पाहतो, आणि जी कमी डोलते ती पसंत करतो. सपाट तळाची, तेहतीस-चौतीस इंच रुंदीची, नऊ-दहा फूट लांबीची आखूड नाव या परीक्षेंत नेहमीं पहिली येते. खाडीसाठीं ती चांगलीहि आहे. परंतु खवळत्या समुद्रांत ही परीक्षा फसवी ठरते. कारण रुंद सपाट तळ पाण्याच्या पृष्ठाला चिकटून राहूं पाहतो. पृष्ठ सपाट असेल तोंवर नावहि सपाट राहते. पण बाजूनें लाट आली कीं पृष्ठ तिरपें होतें, आणि त्याबरोबर नावहि तितकीच तिरपी होते. वर बसलेला मनुष्य कलंडतो तो यामुळें. उलट, थोड्या अरुंद व गोलसर तळाची नाव बसतांच डोलूं लागते, नवख्याला तिची भीति वाटते; परंतु लाट तिच्या खालून निघून जाते आणि कंबर सैल ठेवणारा मनुष्य वर ताठ राहूं शकतो. तिला एका मर्यादेपर्यंत कलूं दिलें तरी पुढें ती अडून धरते. म्हणून नावेला दोन प्रकारची स्थिरता असते, एक बसतांक्षणीं जाणवणारी आणि दुसरी कललेल्या अवस्थेंत कामीं येणारी. किनाऱ्यावरच्या समुद्रांत दुसरीच अधिक मोलाची.

मग फार अरुंद नाव घ्यावी काय ? तसेंहि नाहीं. स्पर्धेसाठीं केलेल्या नावा अठरा ते एकवीस फूट लांब व एकोणीस इंचांहून कमी रुंद असतात. त्यांवर टिकण्यास महिनोन्‌महिने सराव लागतो. सामान्य निरोगी मनुष्यानें मध्यम मार्ग धरावा. तेरा ते सोळा फूट लांबी व चोवीस ते अठ्ठावीस इंच रुंदी या मापांत त्याची नाव बहुधा सांपडेल. लांबीचा फायदा वेगांत दिसतो. पाण्यांत बुडालेल्या भागाची लांबी फुटांत घेऊन तिचें वर्गमूळ काढावें व त्यास १.३४ नें गुणावें, म्हणजे पाणी फारसा अडथळा न करतां नाव किती वेगानें जाईल तें सागरी मैलांत कळतें. नऊ फुटांस हा वेग ताशीं चार मैल येतो, सोळा फुटांस सवापांचाहून थोडा अधिक. शांत पाण्यांत हा फरक वेळेचा आहे. समोरून वारा सुटला कीं तो घरीं पोंचण्याचा होतो.

वाऱ्याविषयीं येथेंच सांगितलें पाहिजे. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यांत पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्यालगत पाणी त्या वेळीं आरशासारखें दिसतें, आणि नवखा मनुष्य निर्धास्तपणें आंत जातो. वारा पाठीशीं असल्यामुळें तो किती दूर आला हें त्याच्या ध्यानीं येत नाहीं. परततांना मात्र तोच वारा छातीवर येतो. दुपारनंतर खारा वारा वायव्येकडून सुटतो, आणि फाल्गुन-चैत्रापासून त्याचा जोर वाढतो. उघड्या कयाकीवर मनुष्य पाण्याच्या वर बसलेला असल्यामुळें वाऱ्यास तो शिडासारखा सांपडतो, आणि आडव्या वाऱ्यांत बहुतेक नावा आपलें तोंड वाऱ्याकडे फिरवूं लागतात. यावर उपाय म्हणजे पायानें फिरविण्याचें सुकाणू किंवा तळाखालीं सोडण्याचें पातें. दोहोंपैकीं एक असावेंच. परंतु तें वर उचलून घेतां आलें पाहिजे, नाहींतर किनाऱ्यास लागतांना वाळूंत मोडेल. त्याची दोरी खाऱ्या पाण्यानें कुजते, तीहि दर फेरीस पाहावी. उंच खुर्चीसारखें आसन असलेल्या गळाच्या नावा आरामशीर खऱ्या, पण आसन जितकें उंच तितका तोल कच्चा. त्या तलावावरच राहूं द्याव्यात.

नावेचें तोंडहि नीट पाहावें. तें भरदार व किंचित् वर उचललेलें असावें, म्हणजे समोरच्या लाटेंत न घुसतां तीवर चढतें. किनाऱ्याकडे येतांना लाट पाठीमागून शेपूट उचलते, बारीक तोंड पाण्यांत रुततें, आणि नाव आडवी होऊन उलटते. नद्यांच्या मुखाशीं हें विशेष घडतें. देवबागेजवळ कर्ली नदी समुद्रास मिळते तशा ठिकाणीं ओहोटीचें पाणी बाहेर धांवत असतें व लाटा आंत येत असतात. दोहोंची गांठ पडली कीं लाटा आखूड व उभ्या होऊन फुटतात. अशा जागीं मांड्यांवरून घेण्याचे पट्टे असले तर नाव अंगाशीं एकजीव राहते. पण ते एका हिसड्यासरशीं सुटणारे हवेत.

आतां उघड्या कयाकीचा एक दोष सांगतों. जाहिरातींत म्हणतात कीं ही नाव बुडत नाहीं. तिचें पोट कोरडें आहे तोंवरच हें खरें. ही नाव पॉलिथिलीनची एकसंध पोकळी असते, आणि बहुतेक नावांत आडव्या भिंती नसतात. सामान ठेवण्याच्या झांकणाची कड ढिली झाली, किंवा आरपार छिद्राच्या कांठाशीं चीर गेली, कीं पाणी आंत झिरपतें. ढकलगाडीचे खुंट छिद्रांत घालून नाव ओढणाऱ्यांच्या नावा याच जागीं तडकतात. वर बसलेल्यास तें पाणी दिसत नाहीं. तीस लिटर पाणी म्हणजे तीस किलोचें ओझें, आणि तेंहि एका जागीं न राहणारें. नाव डावीकडे कलली कीं तें सगळें डावीकडे धांवतें व तिला अधिकच कलवितें. एरवीं गुणी असलेली नाव अशा वेळीं वारंवार उलटूं लागते, आणि बसणारा स्वतःच्या तोलास दोष देत राहतो. म्हणून झांकणें थोडीं व घट्ट असलेली नाव घ्यावी. जुनी घेतांना प्रत्येक छिद्राच्या कांठावरून बोट फिरवावें. आणि पोटांत फुगविलेल्या पिशव्या किंवा फोमचे ठोकळे बसवावे, म्हणजे पाण्यास जागाच उरत नाहीं. तासभर वल्हविल्यावर एक टोक उचलून कान द्यावा. आंत खळखळ ऐकूं आली तर ती नाव त्या दिवशीं पुन्हां पाण्यांत लोटूं नये.

वजनाची गोष्ट थोडक्यांत. सांगितलेल्या क्षमतेच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भार घालूं नये, नाहींतर छिद्रांतून पाणी उतरण्याऐवजीं वर येतें. नाव स्वतः पंचवीस-तीस किलोची असते, आणि ओहोटीच्या वेळीं आपल्या किनाऱ्यावर वाळूचा पट्टा लांबच लांब उघडा पडतो. थकलेल्या दोघांना ती तेवढी उचलून नेतां येईल काय, हें घेण्यापूर्वींच पाहावें.

आतां मुख्य परीक्षा. खवळत्या पाण्यांत प्रत्येक नाव केव्हांतरी उलटणारच, असें धरूनच तिची निवड करावी. तेव्हां खाडींत, पाय टेकणार नाहींत इतक्या पाण्यांत, जाणत्या सोबत्यासमक्ष व तरंगण्याचें जाकीट अंगांत घालून, नाव आपण होऊन उलटवावी. पालथ्या नावेची पलीकडील कड धरून तिला सरळ करावी. मग हात पलीकडे टाकून पाय मागें जोरानें मारावे, शरीर पाण्यावर आडवें येऊं द्यावें, आणि पोट नावेवर ओढून घ्यावें. पोट टेकलें कीं वळून बसावें, आणि पाय शेवटीं वर घ्यावे. हें एकदां साधून भागत नाहीं. दहा वेळां करावें, सामान घेऊन करावें, दम लागल्यावर करावें. दहाव्या वेळींहि जिच्यावर चढतां येतें ती नाव आपली. जिच्या कडा फार उंच आहेत किंवा जी चढतांना पुन्हां कलंडते, ती कितीहि देखणी व वेगवान असली तरी परत करावी.

हें नियम म्हणून इतकें आग्रहानें सांगण्याचें कारण असें कीं मोकळ्या समुद्रांत वारा असला तर रिकामी नाव पोहणाऱ्याहून जलद वाहून जाते. तेथें नाव व मनुष्य यांना जोडणारी, चटकन् सुटणारी दोरी असावी. फुटणाऱ्या लाटांत मात्र तीच दोरी पायांत अडकते, म्हणून तेथें ती सोडावी. आणि पडल्यावर नावेच्या समुद्राकडील बाजूस राहावें, किनाऱ्याकडील बाजूस कधींहि नाहीं. लाटेनें फेंकलेली नाव मनुष्य पाहत नाहीं. जाकीट अंगांतच असावें. नावेवर बांधून ठेवलेलें जाकीट पडल्यावर उपयोगी येत नाहीं.

निघण्यापूर्वीं हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचें लाटांविषयींचें भाकित पाहावें. १९९९ सालीं स्थापन झालेली ही संस्था किनारपट्टीसाठीं तें प्रसिद्ध करते. त्याखेरीज बंदरावरच्या एखाद्या वृद्ध तांडेलासहि विचारावें. पावसाळ्यांत तर जाऊंच नये. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहिल्यावांचून आपला कोळी होडी लोटीत नाहीं, यांत श्रद्धा आहे तशी अनुभवाची शिस्तहि आहे.

जिच्या घरीं मुलगा किंवा मुलगी अशा नावेचा हट्ट धरून बसली असेल, त्या माउलीस माझें सांगणें एवढेंच कीं नकार देण्याची घाई करूं नये. रंग व किंमत मागाहून पाहावी. आधीं त्यांना खाडीवर न्यावें, नाव उलटवावयास सांगावें, आणि स्वतः कांठावर उभें राहून दहापर्यंत मोजावें.