लाल ढालीचे घर

काही वर्षांपूर्वी एका शहरात मी भाड्याने घर शोधत होतो. माझे मराठी ऐकून घरमालक खूश झाले. चहा झाला. मग त्यांनी विचारले, "आपले आडनाव?" मी सांगितले. तेवढ्यात त्यांना आठवले की, घर कालच दुसऱ्याला दिले आहे!

आडनावापायी घर जाते, हे त्या दिवशी कळले. पण घरामुळेच आडनाव मिळाले, अशीही एक गोष्ट आहे. ती जर्मनीतली.

फ्रँकफर्ट शहरात 1462 पासून ज्यूंना एका अरुंद गल्लीतच राहण्याची सक्ती होती. रात्री गल्लीचे दरवाजे बंद होत. घरांना क्रमांक नव्हते. घर ओळखायचे ते दारावरच्या खुणेवरून. सोळाव्या शतकात तिथल्या एका घराची खूण होती लाल ढाल. जर्मन भाषेत 'रोट' म्हणजे लाल आणि 'शिल्ड' म्हणजे ढाल. त्या घरातले ते रोटशिल्ड. आपण इंग्रजी वळणाने त्यांना रॉथ्सचाइल्ड म्हणतो. पण त्या नावात 'चाइल्ड' कुठेच नाही.

पुढच्या पिढ्यांनी ते घर सोडले, नाव सोडले नाही. 1744 मध्ये जन्मलेले मायर आम्शेल जुन्या नाण्यांच्या व्यापारातून सावकारीत आले. त्यांनी नंतर घेतलेल्या घराची खूण तर हिरवी ढाल होती. नाव मात्र लालच राहिले! त्यांच्या पाच मुलांपैकी एक फ्रँकफर्टला राहिला. बाकीच्यांनी व्हिएन्ना, लंडन, नेपल्स आणि पॅरिस येथे पेढ्या काढल्या. आई गुटले मात्र 1849 मध्ये डोळे मिटेपर्यंत गल्लीतच राहिली.

नाव पसरले, तसा त्याचा द्वेषही पसरला. 1938 मध्ये नाझींनी व्हिएन्नातल्या लुई रॉथ्सचाइल्ड यांना पकडले; सुटकेसाठी त्यांना मालमत्तेवर पाणी सोडावे लागले. पेढीशी काडीचाही संबंध नसलेली, याच नावाची साधीसुधी माणसेही त्या काळात मारली गेली. 1944 च्या बाँबवर्षावात हिरव्या ढालीचे घरही गेले.

आज ते लाल घर नाही, हिरवे नाही, ती गल्लीही नाही. उरले आहे ते नाव.

आडनाव म्हणजे आपल्या पूर्वजांच्या दारावरची पाटी. ती जरूर वाचावी. पण वाचून झाल्यावर दारही वाजवावे. पाटीवरूनच माघारी फिरणाऱ्याला आत कोण राहते, हे कसे कळणार?