हमामखान्यांतील मृत्यु

अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, चौथा निजामशहा मुर्तजा हा १५८८ सालीं मेला, तो शस्त्रानें नव्हे कीं विषानेंही नव्हे. त्याचा पुत्र मीरान हुसेन यानें त्याला हमामखान्यांत कोंडिलें, दारें-खिडक्या घट्ट लावविल्या आणि खालीं मोठा जाळ करविला. थोड्याच वेळांत सुलतान गतप्राण झाला. (बापानेंही पूर्वीं मुलाच्या बिछान्यास आग लावून त्याला जाळण्याचा यत्न केला होता, बापलेकांचें असें होतें!) इतिहासकार फिरिश्ता त्या काळीं नगरच्या दरबारीं चाकरीस होता. वाफेनें व उष्णतेनें राजा गुदमरला, असें तो लिहितो.

न्यायवैद्यकाचें समाधान मात्र ‘गुदमरला’ एवढ्या शब्दानें होत नाहीं. कोंडलेल्या खोलींतील प्राणवायु एकट्या माणसाला संपविण्यास पुष्कळ अवधि लागतो. तें कारण येथें मागें पडतें. दुसरें कारण उष्णता. वाफेनें भरलेल्या जागेंत घाम सुकत नाहीं, अंग निवत नाहीं, आणि शरीराचें तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर चढत गेलें म्हणजे मेंदूचें कार्य बिघडूं लागतें. अशा मृत्यूची खास खूण शवावर क्वचितच उरते. जागा व परिस्थिति पाहूनच निदान करावें लागतें. तिसरें कारण जळणाचा विषारी वायु, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट जोरानें तो रक्ताला चिकटतो. हें मर्म क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५७ च्या सुमारास उलगडलें. या वायूनें मेलेल्याच्या शरीरावरील डाग निळसर न दिसतां बहुधा लालचुटुक दिसतात. मुर्तजाच्या बाबतींत जाळ खालीं होता, तेव्हां उष्णतेचाच संशय अधिक. पण धूर वर शिरला असल्यास दोन्ही कारणें एकत्र आलीं असतील.

प्रेत पाहून असा निवाडा करण्याची विद्या त्या काळीं जगांत नव्हतीच असें नाहीं. चीनमध्यें सोंग त्स या न्यायाधिकाऱ्यानें प्रेतपरीक्षेवर १२४७ सालींच ग्रंथ लिहिला होता. पण नगरांत पंचनामा करणार कोण? आरोपी तोच तख्तावर! पुढच्याच वर्षीं त्याचाही वध झाला.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या न्हाणीघरांत गॅसचा गीझर आहे, त्यांना ही कथा दूरची वाटूं नये. थंडीच्या दिवसांत खिडकी बंद करून स्नानास गेलेलें माणूस बाहेर येत नाहीं, असे प्रसंग आजही घडतात. दार मोडून आंत जाणाऱ्यांना धूर दिसत नाहीं. घरचे लोक हृदयविकार समजतात. खिडकी उघडतांच खोलींतील वायु निघून जातो. मृताच्या रक्तांतला मात्र बरेच दिवस टिकतो आणि तपासणींत सांपडतो.