डोंगरावर कॅमेरा नेताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



येत्या हिवाळ्यात आपल्या मंडळाची सहल कळसूबाईला जाणार आहे आणि या वेळी फोटोही आपणच काढायचे असे ठरले आहे. म्हणून मला चार शब्द बोलायला सांगितले. आपल्या औंढ्याकडच्या टेकड्यांवर कॅमेरा गळ्यात लोंबता राहिला तरी निभावते. कळसूबाईचे तसे नाही. १६४६ मीटर उंचीचे ते शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच, आणि वाटेत कड्याला लोखंडी शिड्या आहेत. तिथे दोन्ही हात शिडीलाच हवेत. कॅमेरा आपटू नये म्हणून एक हात सुटला, की मग प्रश्न कॅमेऱ्याचा राहत नाही.

माझा कॅमेरा व भिंग मिळून दीड किलो भरतात. तेवढ्याने मान का धरावी? कारण पट्टा अरुंद, आणि सारा भार एका रेघेवर. हंडा डोईवर घेताना आपण चुंबळ करतो; तिने हंडा हलका होत नाही, भार पसरतो. तसाच पट्टा रुंद घ्यावा, आणि गळ्यात न अडकवता एका खांद्यावरून दुसऱ्या काखेखाली तिरपा घ्यावा. शिडी आली की कॅमेरा सरळ सॅकमध्ये.

सॅक मात्र कमरपट्ट्याचीच हवी. कडेवरचे मूल आपण तासभर वागवतो ते हाताच्या जोरावर थोडेच? ते कमरेच्या हाडावर बसलेले असते. कमरपट्टा तेच करतो, फक्त दोन्ही बाजूंनी. आधी तो आवळावा, मग खांद्याचे पट्टे. जड वस्तू पाठीला लागून मध्यावर ठेवाव्या. बाहेरच्या अंगाला ठेवल्या तर त्या माणसाला मागे ओढतात. भिंगे धुतलेल्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळावी. दुसरे मोठे भिंग आणि ट्रायपॉड घरीच राहू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

साडीवर हे कसे जमायचे, असे एका काकूंनी मघाशी विचारले. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२), आपल्या देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, दिल्लीत साडी नेसून, कॅमेऱ्याचे सामान घेऊन सायकलवर हिंडत. आणि नवरात्रात त्या भागातील बायका लुगड्यातच शिखरावरच्या देवीला जातात. पदर खोचून घ्यावा म्हणजे झाले.

जाण्यापूर्वी महिनाभर सॅकमध्ये कॅमेऱ्याच्या वजनाइतकी ज्वारी भरून रोज गावाबाहेर फिरून यावे. कुठे रुतते ते घरीच कळते.

आणि एक. शिखरावरच्या गारठ्यातून उबदार खोलीत आल्याबरोबर सॅक उघडू नये, थंड भिंगावर दव धरते. तासभर बंदच ठेवावी. तेवढ्यात सगळ्यांचा चहा होतो.